‘अम्यूज्ड’ आणि ‘बिम्यूज्ड’: गंमत वाटणे वेगळे, बुचकळ्यात पडणे वेगळे

इंग्रजीतला ‘बिम्यूज्ड’ हा शब्द बुचकळ्यात पडलेल्या माणसासाठी आहे. लातूर-नांदेडकडच्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत, इंग्रजी बातम्यांच्या मराठी अनुवादांत आणि एरवी नेटके इंग्रजी लिहिणाऱ्या तरुणांच्या लेखनातही तो ‘अम्यूज्ड’चाच थोडा सौम्य आणि सुशिक्षित प्रकार समजून वापरलेला दिसतो, आणि ही चूक इतक्या सहजपणे पुढच्या पिढीकडे जाते आहे की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

‘अम्यूज्ड’विषयी फार सांगण्याची गरज नाही. अम्यूजमेंट पार्क सर्वांना ठाऊक आहे, आणि एखाद्याला गंमत वाटली, हसू आले किंवा त्याचा वेळ मजेत गेला की तो ‘अम्यूज्ड’ होतो, हेही ठाऊक आहे. गंमत वाटते तो माणूस ‘अम्यूज्ड’ आणि जिच्यामुळे वाटते ती गोष्ट ‘अम्यूजिंग’, हा फरक शाळेतच शिकवला जातो. एकच सूचना करतो. ‘द जज वॉज नॉट अम्यूज्ड’ या वाक्याचा अर्थ न्यायाधीशांची करमणूक झाली नाही असा होत नाही. त्यांना तो प्रकार रुचला नाही, ते नाराज झाले, असा होतो. व्हिक्टोरिया राणीच्या नावावर सांगितले जाणारे ‘वुई आर नॉट अम्यूज्ड’ हे वाक्य तिने खरोखर उच्चारले की नाही, याची खात्री देता येत नाही. पण त्यातली नापसंती मात्र कोणत्याही इंग्रजी वाचकाला लगेच कळते.

आता ‘बिम्यूज्ड’कडे वळू. दोन्ही शब्दांच्या पोटात ‘म्यूज’ हे एकच क्रियापद आहे. विचारात गढणे, शून्यात पाहत राहणे हा त्याचा अर्थ. फ्रेंचमधून आलेला ‘अम्यूज’ सतराव्या शतकात मुख्यतः लक्ष दुसरीकडे वळवणे, भुलवणे, झुलवत ठेवणे अशा अर्थाने वापरला जात असे. सैन्याची खोटी हालचाल दाखवून शत्रूला ‘अम्यूज’ केले जाई. गंमत वाटण्याचा अर्थ त्यानंतर स्थिरावला. ‘बिम्यूज’ मात्र इंग्रजीतच, ‘बिविल्डर’ आणि ‘बिफडल’ यांच्यासारखा ‘बि’ हा उपसर्ग लागून तयार झाला. अलेक्झांडर पोप या कवीने १७३५ साली बिअर पिऊन गुंगलेल्या एका पाद्र्यासाठी तो वापरला आहे. त्या पाद्र्याला गंमत वाटते आहे असे पोपला म्हणायचे नाही. त्याची बुद्धी धुरकट झाली आहे, असे म्हणायचे आहे. पुढे या शब्दातली नशा गेली आणि धुरकटपणा राहिला. म्हणून आज त्याचे अर्थ दोन: समोर जे चालले आहे ते न उमगल्यामुळे बुचकळ्यात पडलेला, आणि क्वचित, स्वतःच्याच विचारांत हरवलेला.

मग घोटाळा होतो कुठे? माझ्या मते तो उच्चारातल्या साम्यापेक्षा ‘बिम्यूज्ड स्माइल’ या जोडशब्दामुळे अधिक होतो. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत हा जोडशब्द पुष्कळदा येतो, वाचकाला ‘स्माइल’ दिसते, आणि हसू आहे म्हणजे गंमत वाटलीच असणार असे तो धरून चालतो. परंतु माणूस गंमत वाटल्यावरच हसतो असे नाही. पैठणला नाथषष्ठीच्या दिवसांत भारूड रंगले आहे अशी कल्पना करा. सोंग घेतलेला भारुडी सासूची तक्रार करतो, सासू म्हणजे येथे कोण हे श्रोत्यांना ठाऊक असते, आणि ते खळखळून हसतात. त्यांच्यातच मराठीचा गंध नसलेला एखादा पाहुणा बसला आहे. सगळे हसत आहेत म्हणून त्याच्याही ओठांवर हसू येते. डोळे मात्र या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे फिरत असतात, कारण हसण्यासारखे काय घडले हे त्याला कळलेले नसते. शेजारी बसलेल्या गावकऱ्याचे हसू ‘अम्यूज्ड’ आणि या पाहुण्याचे हसू ‘बिम्यूज्ड’. ओठ दोघांचेही हलले, पण एकाला कळले आहे आणि दुसऱ्याला कळलेले नाही. दोन शब्दांमधली खरी सीमा ही आकलनाची आहे. हसू तिच्या दोन्ही बाजूंना असू शकते.

ही सीमा पुसली तर माणसावर अन्याय होतो, आणि म्हणूनच मला हा विषय क्षुल्लक वाटत नाही. समजा, एखाद्या इंग्रजी बातमीत लिहिले आहे की पीक विम्यापोटी खात्यात जमा झालेली रक्कम पाहून मराठवाड्यातले सोयाबीन उत्पादक ‘बिम्यूज्ड’ झाले. बातमीदाराला म्हणायचे असते की एवढीच रक्कम कशी, कोणत्या हिशेबाने, हे त्यांना उलगडेना. अनुवादकाने त्याचे ‘शेतकऱ्यांना गंमत वाटली’ केले, तर हवालदिल झालेला माणूस क्षणात बेफिकीर ठरतो. याउलट, गावकऱ्यांना खरोखर हसू आले असताना इंग्रजीत त्यांना ‘बिम्यूज्ड’ म्हटले, तर ज्यांना सर्व काही नीट समजले होते ते अडाणी ठरतात. खेड्यातल्या माणसाविषयी इंग्रजीत लिहिताना तर ही खबरदारी दुप्पट घ्यायला हवी, कारण तो वाचून हरकत घेण्याची शक्यता कमी असते.

यावर शब्दकोशाचा आधार दाखवला जातो. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने, कोड्यात टाकणाऱ्या गोष्टीविषयी वाटणारी तिरकस मौज, असा आणखी एक अर्थ नोंदवला आहे, हे खरेच आहे. कोशाचे काम लोक काय लिहितात ते नोंदवण्याचे आहे आणि त्याने ते केले. पण त्या अर्थातही कोडे आहेच. निव्वळ मौज तेथेही नाही. शिवाय एकाच शब्दाने ‘कळले नाही’ आणि ‘मजा वाटली’ हे दोन्ही सांगायचे ठरवले, तर वाचकाने कोणते घ्यावे? मी हा तिसरा अर्थ विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवतो आणि लिहू देत नाही. परीक्षेत समानार्थी शब्द विचारला तर ‘पझल्ड’ किंवा ‘बिविल्डर्ड’ हेच उत्तर निवडावे.

मराठीत आणताना ‘बुचकळ्यात पडलेला’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘भांबावलेला’ यात घाबरगुंडीची छटा येते, आणि ‘बिम्यूज्ड’ माणूस घाबरलेला नसतो. तो थबकून, काहीशा शांतपणे पाहत असतो. ‘चक्रावलेला’ कधी चालतो, पण त्यात धक्का अधिक आहे. ‘गोंधळलेला’ चुकीचा नाही, मात्र तो ‘कन्फ्यूज्ड’साठी राखून ठेवलेला बरा. ‘बिम्यूज्ड स्माइल’साठी ‘काही न उमगून ती नुसतीच हसली’ असे सरळ वाक्य लिहावे. ‘ती गालातल्या गालात हसली’ असे कदापि लिहू नये, कारण गालातल्या गालात हसणाऱ्याला आतली गोष्ट ठाऊक असते. आणि इंग्रजीत लिहिताना एखाद्याला गंमतही वाटली आणि कोडेही पडले असे खरोखरच सांगायचे असेल, तर ‘अम्यूज्ड अँड पझल्ड’ असे दोन शब्द लिहावेत.