बंबामागचा माणूस: अग्निशमन अधिकाऱ्यांपुढच्या जुन्या पेचाची पार्श्वभूमी

१८२४ मध्ये एडिनबरो शहराने आपल्या अग्निशमन दलाची धुरा जेम्स ब्रेडवुड या २४ वर्षांच्या तरुणाकडे सोपवली. त्यांनी गवंडी, सुतार, छपरे घालणारे, नळकाम करणारे असे कारागीर निवडून घेतले. जळत्या घरात कुठली तुळई भार पेलेल, हे अशा माणसांना सांगावे लागत नसे. पुढे ब्रेडवुड लंडनच्या दलाचे प्रमुख झाले. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर कोसळून ते गेले. त्यांच्यानंतर आलेल्या आयर मॅसी शॉ यांनी मात्र भरतीसाठी खलाशांना पसंती दिली, कारण खलाशाला रात्रपाळीची आणि हुकूम पाळण्याची सवय असते. कसब हवे की शिस्त, हा पेच तेव्हापासूनचा.

नुसता हुकूम किती तोकडा पडतो, हे ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मान गल्च इथे दिसले. वणवा मागून चढत येत होता. तुकडीप्रमुख वॅग्नर डॉज यांनी काडी ओढून पुढचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या जळून गेलेल्या पट्ट्यात आडवे व्हा, असे ओरडून सांगितले. कुणीच आले नाही. समोर आग लावणारा माणूस आपल्याला वाचवतो आहे, हे त्या क्षणी पटणार कसे? डॉज त्या राखेत वाचले. १३ जण मात्र गेले. मला यात अवज्ञा दिसत नाही. तसा विश्वास महिनोन्‌महिने एकत्र सराव करूनच येतो.

१९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत अनेक दलांचा समन्वय कोलमडला. त्यातून घटनास्थळाच्या नियंत्रणाची नवी पद्धत आली: एका अधिकाऱ्याच्या हाताखाली ३ ते ७ जण, शक्यतो ५.

पण ही घडी घटनास्थळापुरती. केंद्रावर परतल्यावर पाळ्या, रजा, बढत्या असतात. कालपर्यंत शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मित्राला आज चूक दाखवायची असते. नवा अधिकारी आगीपेक्षा इथेच जास्त अडखळतो. एखादा जवान कॉलवरून आल्यापासून गप्प असेल, तर ते पहिल्यांदा अधिकाऱ्याच्याच लक्षात यायला हवे.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचे काम कर्करोगकारक ठरवले. काजळलेले हेल्मेट ही आजवर अनुभवाची खूण मानली जायची. आता आपल्याहून १० वर्षे जुन्या जवानाला ते धुवायला सांगायचे कामही अधिकाऱ्याकडेच आले आहे.