अ‍ॅक्रिलिकची तापघडण

अ‍ॅक्रिलिकची तापघडण : अ‍ॅक्रिलिकची सपाट शीट तापवून मऊ करायची, साच्यावर बसवायची आणि त्याच आकारात निवू द्यायची, अशी ही रीत. डोअर व्हायझर (खिडकीवरची पाऊस अडवणारी पट्टी), मीटरवरचे पारदर्शक आवरण, स्पीकरची चौकट असे गाडीचे छोटे भाग हौशी लोक या रीतीने घरी करतात.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. ओटो रोम यांच्या जर्मन कंपनीने 1933 मध्ये ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने आणले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर त्याचीच पारदर्शक झाकणे होती.

हा पदार्थ साधारण 105° से.च्या पुढे रबरासारखा होऊ लागतो. घडणीला 150° ते 170° लागते. उष्णता सगळीकडे सारखी पोचणे हे खरे कसब. एका रेषेतला वाक नेमप्लेटवाल्यांकडच्या तापत्या तारेवर सहज येतो; दुहेरी गोलाईला (दोन्ही दिशांनी वाकलेल्या आकाराला) मात्र ओव्हनच हवा. हीट गनने एक कोपरा उकळतो आणि दुसरा कडकच राहतो. शीटमध्ये ओल असेल तर बुडबुडे उठतात, म्हणून ती आधी 80°ला काही तास सुकवतात. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नये, आणि उघड्या ज्योतीवर तर शीट धरूच नये. ती पेट घेते.

साचा लाकूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालतो, पण त्याचा प्रत्येक ओरखडा मऊ शीटवर उमटतो. म्हणून साच्यावर फ्लॅनेलचे मऊ कापड ताणून लावतात. ओतीव (कास्ट) शीट पहिल्यांदा तापताना सुमारे 2 टक्के आकसते, तेव्हा कापताना वाढावा ठेवावा. तिला आपला सपाटपणा आठवतो, असे म्हणायला हरकत नाही: आकार बिघडला तर पुन्हा तापवल्यावर ती बरीचशी सरळ होते. नवशिक्याला याहून मोठा दिलासा नाही.

घाईने पाणी ओतून थंड केले, तर आत ताण राहतो. तो लगेच दिसत नाही. पुढे कधी पेट्रोल किंवा स्पिरिटचे फडके फिरले की बारीक तडे जातात.

स्क्रूची भोके ढिली ठेवावीत. मीटरभर लांबीची पट्टी 40° तापमानवाढीत जवळपास 3 मिमी वाढते, आणि उन्हात उभ्या गाडीला एवढा फरक सहज पडतो. समोरच्या काचेच्या जागी मात्र अ‍ॅक्रिलिक चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार तिथे लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) सुरक्षा काच लागते.