नॉमिक : खेळाडूंच्या कृतींवरील नियमनाची मर्यादा

नॉमिक हा नियम बदलण्याचाच खेळ. अमेरिकी तत्त्वज्ञ पीटर सूबर यांचा हा खेळ १९८२ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सदरातून लोकांपुढे आला. सुरुवातीला १६ अपरिवर्तनीय आणि १३ परिवर्तनीय नियम असतात. ज्याची पाळी तो नियमबदलाचा ठराव मांडतो, सगळे मतदान करतात. ठराव कशाचाही मांडता येत असल्याने खेळाडूच्या वागण्यात नियमांनी कुठवर शिरायचे, हा वाद जवळपास प्रत्येक डावात निघतो.

सूबर यांच्या मूळ संचात दोन बांध आहेत. नियम ११६ म्हणतो, नियमाने मनाई केलेली किंवा नियमाच्या कक्षेत घेतलेली नसेल ती कृती मोकळी. अपवाद फक्त नियम बदलण्याचा. नियम ११३ प्रमाणे दंड भोगण्याऐवजी केव्हाही डाव सोडता येतो, आणि खेळाडूला स्वतःला हरण्यापेक्षा वाईट वाटेल असा दंड त्याला करता येत नाही. दोन्हींत ११३ अधिक मोलाचा, कारण बाहेर पडायचे दार तोच उघडे ठेवतो. अर्थात एकमत झाले तर तोही परिवर्तनीय करून पुढे रद्द करता येतो.

खरी ओढाताण ‘कक्षे’वरून होते. समजा, ‘ज्याची पाळी त्याने उभे राहून ठराव वाचावा’ असा नियम झाला आणि पाळी नसलेला कोणी पाणी प्यायला उठला. एक पक्ष म्हणेल, उभे राहणे आता नियमात आले, म्हणजे इतरांना ते बंद. दुसरा म्हणेल, नियम वाचनापुरता आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरे म्हणणेच धरायला हवे. नाहीतर प्रत्येक परवानगीतून एकेक मनाई निघत जाईल. मूळ नियमांत असा निवाडा आधीच्या पाळीचा खेळाडू करतो, आणि तो फिरवायला बाकी सर्वांचे एकमत लागते.

ईमेलवर १९९३पासून चालू असलेल्या ‘अगोरा’ डावाने यावर स्वतंत्र नियमच केला : नियमांच्या कक्षेतली कृती नियमात सांगितलेल्या पद्धतीनेच होईल, पण कक्षेबाहेरच्या कृतींना बंदी आहे असा अर्थ नियमांतून काढायचा नाही. शिवाय तिथे ‘घडूच शकत नाही’ आणि ‘घडते, पण गुन्हा ठरते’ हे वेगळे धरतात. हक्क नसताना टाकलेले मत मोजलेच जात नाही. उशिरा दिलेला अहवाल ग्राह्य धरून दंड करता येतो. या फरकाने बरेच वाद मिटतात. खेळाबाहेरच्या सौद्यांचा प्रश्न मात्र उरतो. मताच्या बदल्यात कोणी कोणाला जेवू घातले, तर नियम गुण कापू शकतो, मत बाद करू शकतो. जेवण त्याच्या हाती नाही.