मांजराच्या डोळ्यातील न भरणारा व्रण

मांजराच्या कॉर्नियावरची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, वरवरची जखम साधारण आठवड्यात भरते. आठवडा उलटूनही ती तशीच असेल, तर औषध बदलण्याआधी कारण शोधावे. पांढुरका डाग दिसला की ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणून मध किंवा एरंडेल घालण्याची खोड कोल्हापुरात अजून आहे. त्यात आठवडाभर फुकट जातो.

सर्वांत मोठे कारण मांजरांचा हर्पिस विषाणू. पिल्लूपणी सर्दी-शिंकांतून शिरलेला हा विषाणू शरीरात दडून राहतो आणि ताण पडला की उलटतो. आत वळलेली पापणी, कोरडा डोळा आणि पर्शियन मांजरांचे पुरते न मिटणारे डोळे ही इतर कारणे. गुऱ्हाळाच्या आसपास वावरणाऱ्या मांजराच्या तिसऱ्या पापणीमागे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या पातळ पडद्यामागे, चिपाडाचे कुसळ अडकले नाही ना, तेही पाहावे.

फ्लुरेसिन या रंगद्रव्याची पट्टी सलाईनने ओली करून लावली की उघडी जखम हिरवी दिसते. रंग कडेखाली झिरपला, तर वरचा थर खाली चिकटलेला नाही असे समजावे. खोल खड्ड्याच्या कडा हिरव्या आणि तळ बिनरंगाचा दिसला, तर डोळा फुटायच्या बेतात असतो. अशा वेळी थेंब घालत न बसता तातडीने शस्त्रक्रियेची सोय पाहावी.

सैल थर काढण्यासाठी पशुवैद्यक ०.५ टक्के प्रोपॅराकेनने डोळा बधिर करतात आणि कोरड्या, निर्जंतुक कापसाच्या काडीने मधून कडेकडे पुसतात. निरोगी थर असा निघत नाही. पुसल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसते, ते अपेक्षितच आहे. कुत्र्यात यापुढे सुईने जाळीदार ओरखडे काढतात. मांजरात ते टाळावेत. त्यातून सिक्वेस्ट्रम, म्हणजे कॉर्नियात रुतलेली काळपट तपकिरी खपली, होण्याचा धोका वाढतो आणि ती बहुधा कापूनच काढावी लागते.

जंतुसंसर्ग टाळायला ०.३ टक्के टोब्रामायसिनचे थेंब दिवसातून ३-४ वेळा. हर्पिस असल्यास फॅमसिक्लोव्हिर तोंडावाटे, किलोमागे ९० मिग्रॅ, दिवसातून २ वेळा. मूत्रपिंड अधू असल्यास मात्रा घटवतात. माणसांच्या हर्पिसवरचे व्हॅलासायक्लोव्हिर मात्र मांजराच्या जिवावर बेतते. मेडिकलमधून आणलेले माणसांचे स्टिरॉइड-मिश्रित थेंब तर घालूच नयेत: लाली ओसरते, घरचे निर्धास्त होतात आणि आत कॉर्निया विरघळू लागतो. दोन थेंबांत ५ मिनिटांचे अंतर ठेवावे, मलम शेवटी लावावे. पंजा डोळ्यापर्यंत पोहोचू न देणारी गळ्यातली शंकूसारखी कॉलर जेवतानाही काढू नये, कारण पंजाचा एक फटका नव्याने धरलेला थर उचकटायला पुरतो. ५-७ दिवसांनी पुन्हा रंग घालून पाहतात.