पार्श्वभूमी : नाक्यावरच्या इटालियन रेस्टॉरंटात सिसिलीचा हंगाम

न्यूयॉर्क-न्यू जर्सी पट्ट्यातल्या इटालियन रेस्टॉरंटांच्या मेनूकार्डात अलीकडे एक जादा पान दिसतं. बाकीचा मेनू जागच्या जागी असतो : चिकन पार्मेजान, पेने वोदका, तिरामिसू. या पानाच्या माथ्यावर मात्र 'सिसिली', म्हणजे इटलीच्या दक्षिण टोकाशी असलेल्या बेटाचं नाव, लिहिलेलं असतं आणि खालचे पदार्थ दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. मार्चात सार्डीनचा पास्ता, उन्हाळ्यात कापोनाता (वांग्याची आंबटगोड भाजी) आणि सोर्डफिशचे रोल, ऑक्टोबरात निवडुंगाच्या बोंडांचं सॉर्बे, थंडीत लाल संत्र्यांचं सॅलड. पान नवं असलं तरी त्यावरचे बरेचसे पदार्थ या शहरात येऊन शंभर वर्षं उलटून गेली आहेत. बेटाचं नाव छापणं आणि ऋतू पाळणं एवढंच काय ते नवं, आणि या दोन गोष्टीही वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

प्राचीन भाग थोडक्यात उरकतो, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. ८२७ मध्ये उत्तर आफ्रिकेतून निघालेलं अरब सैन्य मझाराजवळ उतरलं आणि पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत बेटाच्या शेतीचा नूर पालटला. पाटाच्या पाण्यावर लिंबू, कडू संत्रं, ऊस आणि वांगं वाढू लागलं. ११५४ मध्ये नॉर्मन राजाच्या दरबारातल्या एका अरब भूगोलतज्ज्ञाने पालेर्मोजवळच्या त्राबियात सुका पास्ता तयार होतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो, अशी नोंद करून ठेवली. टोमॅटो आणि निवडुंग नंतर स्पॅनिश राजवटीत अमेरिकेकडून आले. गोड संत्रं तर त्याच सुमाराचं. सिसिलीचं म्हणून जे आपल्यासमोर येतं त्यातलं निम्मं असं बाहेरून येऊन रुजलेलं आहे.

निवडुंगाची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे माळरानावर फड्या निवडुंगाची लाल बोंडं पोरंसोरं काटे घासून खातात, त्याचाच हा भाऊबंद. एटना ज्वालामुखीच्या उतारावर आणि सान कोनोच्या परिसरात शेतकरी त्याची बाग करतात आणि जूनमध्ये बहरात आलेली फुलं, कोवळ्या फळांसकट, मुद्दाम झोडून पाडतात. पाहणाऱ्याला वेडेपणा वाटावा. पण झाड पुन्हा फुलतं, दुसरा बहर पावसाळी गारव्यात पिकतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जे फळ हाती येतं ते मोठं, रसाळ आणि कमी बियांचं असतं. उन्हाळ्यातल्या पहिल्या बहराला बाजारात तेवढा मान नाही. म्हणजे सिसिलीत हंगाम निसर्गावर सोडून दिलेला नसतो, माणूस तो मागेपुढे सरकवतो. मेनूकार्डावरच्या 'सीझनल' या शब्दाकडे पाहताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सिसिलीहून अमेरिकेकडे माणसांच्या आधी लिंबं गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पालेर्मोच्या बंदरातून लिंबं-संत्र्यांच्या पेट्या न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्सला जात होत्या. त्याच जलमार्गांनी मग माणसं निघाली. १८८०च्या दशकात द्राक्षवेलींवर फायलोक्सेराची कीड पडली, १८९४ मध्ये शेतमजुरांची चळवळ लष्कर आणून चिरडली गेली, १९०८ च्या भूकंपात मेसिना शहर जमीनदोस्त झालं. १८८० नंतरच्या चार दशकांत चाळीस लाखांवर इटालियन अमेरिकेत आले आणि त्यातले बहुतेक दक्षिणेचे होते. मॅनहॅटनमधला एलिझाबेथ स्ट्रीट तर सिसिलीकरांचाच म्हणून ओळखला जाई. इकडे लिंबाचा व्यापार मात्र आटत गेला. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी १९०९ मध्ये आयात लिंबावरचा कर पौंडाला एक सेंटवरून दीड सेंटवर नेऊन घेतला. १९२४ च्या कायद्याने माणसांचाही ओघ आवळला.

या लोकांबरोबर स्वयंपाक आला, पंचांग मागे राहिलं. सिसिलीत जेवणाचा बराच भाग तिथीवार बांधलेला होता : १९ मार्चला संत जोसेफच्या सणाला सुक्या बाकल्याचं घट्ट सूप आणि सार्डीनचा पास्ता, १३ डिसेंबरला संत लुचियाच्या दिवशी उकडलेले अख्खे गहू, कारण त्या दिवशी पालेर्मोत पाव आणि पास्ता वर्ज्य. अमेरिकेत हे सण टिकले, त्यांच्यामागचं शेत नाहीसं झालं. सार्डीनच्या पास्त्याला लागते रानबडीशेप. तिचा कोवळा पाला उकडायचा, त्याच पाण्यात बुकातिनी (पोकळ, जाड शेवयांसारखा पास्ता) शिजवायची, मग सार्डीन, कांदा, बेदाणे, चिलगोजे, केशर आणि वरून तेलात परतलेला पावाचा चुरा. ब्रुकलिनच्या फुटपाथवर रानबडीशेप कुठून उगवणार? तेव्हा पाला आणि मासे घातलेला तयार मसाला डब्यात भरून येऊ लागला. आजही मार्च जवळ आला की इटालियन किराणा दुकानांत त्या डब्यांची चळत दिसते. जो पदार्थ सबंध बेटावर वसंताची वर्दी देणारा, तो डबा फोडून केव्हाही करता येण्याजोगा झाला.

काही पदार्थांना हंगामाची गरजच नव्हती, ते सुखाने राहिले. पानेल्ले हे त्यातलं ठळक उदाहरण. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, थापायचं, वड्या पाडायच्या : आपली पाटवडीच, फक्त फोडणीविना आणि नंतर तळलेली. ती पावात घालून वर लिंबू पिळतात. ब्रुकलिनमध्ये १९०४ सालापासून हा पाव विकला गेला आहे. शाकाहारी मराठी गिऱ्हाइकाने सिसिलीच्या पानावर आधी हेच शोधावं.

दरम्यान नेपल्स, कालाब्रिया आणि सिसिलीची चूल एकत्र होऊन 'इटालियन' नावाचं एक नवंच जेवण तयार झालं. अमेरिकेत मांस स्वस्त, म्हणून गावी सणासुदीला दिसणारे मांसाचे गोळे इथे रोजचे झाले. सिसिलीचं नाव पाटीवर लावण्यात फायदा नव्हता. उलट वर्तमानपत्रांनी ते नाव गुन्हेगारीशी इतकं जोडून टाकलं होतं की लपवलेलंच बरं. १९७० आणि ८०च्या दशकांत तर उलटाच वारा सुटला. जरा बरं रेस्टॉरंट काढायचं तर पाटीवर 'नॉर्दर्न इटालियन' हवं. लाल रश्श्याच्या जागी साय-लोणी आलं, टेबलावरचं चौकटीचं कापड पांढरं झालं. त्यातल्या कितीतरी भटारखान्यांत उभे असणारे मात्र दक्षिणेचेच होते. खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात याला 'परिष्करण' म्हणायची पद्धत आहे. मला त्यात जुन्या आकसाचा वास जास्त येतो.

ऋतू परत आला तो कॅलिफोर्नियाकडून. १९७१ मध्ये बर्कलीत सुरू झालेल्या एका छोट्या रेस्टॉरंटाने जवळच्या शेतातलं, त्या दिवसाचं, एवढाच मेनू ठेवला आणि पुढच्या दोन दशकांत ती रीत देशभर पसरली. तिचा आदर्श फ्रान्सचा होता, सिसिलीशी तिचा काही संबंध नव्हता. बेटाचं नाव परत आलं ते दारूच्या बाटलीवरून. एटनाच्या वाइनला १९६८ मध्येच तिच्या प्रदेशाच्या नावाचा अधिकृत दर्जा मिळाला होता, पण तिचा बोलबाला झाला तो २०००नंतर. वाइनची यादी वाचणारं गिऱ्हाईक 'एटना' शब्दाला सरावलं, मग जेवणाच्या पानावर 'सिसिली' छापायला कुणी कचरेना. २०२२ मध्ये ताओर्मिनात घडणारी एक अमेरिकी मालिका गाजली आणि उरलीसुरली भीड गेली. ज्या नावाचा पंचवीस वर्षांपूर्वी संकोच होता त्यासाठी आता दोन डॉलर जास्त मोजले जातात.

या पानावरचा सगळ्यात वादग्रस्त पदार्थ म्हणजे सोर्डफिश. उन्हाळ्यात त्याच्या पातळ कापांत पावाचा चुरा, बेदाणे, चिलगोजे भरून गुंडाळ्या करतात आणि भाजतात. मेसिनाच्या सामुद्रधुनीत हा मासा एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत धरला जातो आणि तोही पाहण्यासारख्या पद्धतीने. बोटीच्या मधोमध लोखंडी जाळीचा उंच मनोरा, त्याच्या टोकावर बसलेला माणूस मासा हेरतो आणि तिथूनच बोटही चालवतो. नाळेतून पुढे, बोटीहूनही लांब, एक अरुंद पूल निघालेला असतो आणि त्याच्या टोकाला भालेवाला उभा. दिवसभरात एखाददुसरा मासा मिळाला तर मिळाला. अशा बोटी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत.

मासे संपवले ते यांनी नाही. आधी मैलोन्‌मैल लांबीची तरंगती जाळी आली. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानंतर १९९२ मध्ये युरोपने अशा जाळ्यांना अडीच किलोमीटरची मर्यादा घातली आणि १ जानेवारी २००२ पासून सोर्डफिश, ट्यूनासाठी ती पूर्ण बंद केली. त्यावरून दक्षिण इटलीच्या बंदरांत मोठी आंदोलनं झाली. मग हजारो गळांच्या लांबच लांब दोऱ्या उरल्या. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर भूमध्य समुद्रापुरता पंधरा वर्षांचा आराखडा ठरला, २०१७ ते २०३१. पहिल्या वर्षी सगळ्या देशांना मिळून १०,५०० टनांची मर्यादा, पुढची पाच वर्षं दरसाल तीन टक्के कपात आणि शंभर सेंटिमीटरहून लहान मासा ठेवायचा नाही. बंदीचा काळ निवडायला दोन पर्याय दिले : एक तर जानेवारी ते मार्च, नाही तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चातला एक महिना.

खरा वाद या महिन्यांवरून आहे. सोर्डफिश अंडी घालतो उन्हाळ्यात, आणि त्याच सुमारास तो सामुद्रधुनीत येतो. बंदी मात्र शरदात नाही तर थंडीत. तिचा हेतू शरदात गळाला लागणारी पिल्लं वाचवण्याचा आहे, आणि मासळीचा साठा मोजणाऱ्यांच्या हिशेबात ते रास्तच असेल. पण परिणाम असा की ज्या महिन्यांत मादी अंड्यांनी भरलेली असते तेच महिने कायदेशीर हंगाम म्हणून मेनूवर झळकतात. आपल्याकडे पावसाळ्यातली मासेमारीबंदी माशांच्या विणीच्या काळाशी जोडली जाते. कोळीवाड्यातल्या माणसाला हा उलटा न्याय पटवून देणं अवघड जाईल. शिवाय कोटा टनात मोजतात. दिवसाला एक मासा टिपणाऱ्या भालेवाल्याला आणि रात्रीत ढीगभर ओढणाऱ्याला कागद तोच. कोट्याची गरज होती यात शंका नाही. तो वाटताना जुन्या पद्धतीला थोडं झुकतं माप देता आलं असतं, ते दिलं गेलं नाही.

अमेरिकेत गुंता आणखी वाढतो, कारण नाक्यावरच्या ताटलीतला सोर्डफिश सहसा मेसिनाचा नसतोच. तो अटलांटिकचा किंवा पॅसिफिकचा असतो आणि त्याचा इतिहास वेगळा आहे. १९७१ मध्ये पाऱ्याच्या प्रमाणावरून सरकारने हा मासा खाऊच नका असं सांगितलं. १९७९ मध्ये मर्यादा दुप्पट सैल झाली आणि मागणी उसळली. १९६०च्या दशकात अडीचशे पौंडांच्या वर भरणारा सरासरी मासा १९९०च्या दशकात नव्वदीवर आला. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या दोन डझनांहून अधिक नामांकित शेफनी उत्तर अटलांटिकचा सोर्डफिश मेनूवरून काढला, पाहता पाहता शेकडो सामील झाले, आणि ऑगस्ट २००० मध्ये पिल्लांच्या भागात लांब दोऱ्यांना बंदी झाल्यावर बहिष्कार उठला. २००९ च्या सुमारास तो साठा सावरल्याचं जाहीर झालं. भूमध्यातला तेव्हाही ढासळतच होता. त्यामुळे 'सोर्डफिश आता ठीक आहे' असं वेटर सांगतो तेव्हा ते अटलांटिकबद्दल खरं असतं, पानाच्या माथ्यावरच्या नावाबद्दल नाही. पाऱ्याचं म्हणाल तर तो कुठल्याही समुद्रातल्या सोर्डफिशात असतो. गरोदर स्त्रियांनी हा मासा टाळावा ही २००१ ची सूचना अजून कायम आहे.

लाल संत्र्यांचंही थोडं असंच. कातानियाच्या मैदानात दिवसा ऊन आणि रात्री एटनाचा गारठा, या चढउतारातून गराला लाल रंग चढतो. त्याला १९९६ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे. अमेरिकेत मिळतं ते बहुधा कॅलिफोर्नियात पिकलेलं, पण त्याच मोरो जातीचं, आणि हंगामही डिसेंबर ते एप्रिल असा जुळणारा. सालं काढून चकत्या, बडीशेपेचा पातळ चिरलेला गड्डा, काळे ऑलिव्ह, तेल, मीठ. या सॅलडात दगाफटका करायला जागा नाही.

खुद्द बेटावरचे ऋतू मात्र हलू लागले आहेत. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिराकुझाजवळ ४८.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली, युरोपातली आजवरची सर्वाधिक. २०२४ च्या दुष्काळात सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. उत्तर किनाऱ्यावर शेतकरी लिंबं काढून आंबा आणि अवोकाडो लावताहेत. तिथला आंबा ऑगस्टअखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत उतरतो. २०२५ मध्ये सिसिली युरोपचा पाककला-प्रदेश ठरली, तेव्हा आंबा, केळी हीसुद्धा 'सिसिलीची फळं' झालेली होती.

पानावर एक ओळ बदलत नाही ती कान्नोलीची, म्हणजे आत गोड रिकोटा चीज भरलेल्या तळलेल्या नळीची. सिसिलीत ती कार्निव्हलची, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपासची, कारण तिच्यातली रिकोटा मेंढीच्या दुधाची आणि मेंढ्या उन्हाळ्यात आटतात. न्यू जर्सीतली रिकोटा गाईच्या दुधाची असते आणि गोठे बारा महिने चालतात.