हॉकी कार्डांवरील जुन्या स्वाक्षऱ्या

बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंची चित्रे असलेल्या, मूळ सिगारेट, मिठाई वा च्युइंगगमच्या पाकिटांतून मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर त्या त्या खेळाडूने स्वहस्ते केलेल्या सह्या. त्या ओळखणे, त्यांचा काळ ठरविणे व बनावट सह्या वेगळ्या काढणे हा कॅनडा आणि अमेरिकेतील संग्राहकांत रुजलेला एक विशेष अभ्यास आहे. मराठीत नुसते ‘हॉकी’ म्हटले की मैदानी खेळ डोळ्यांसमोर येतो. त्याच्याशी या विषयाचा संबंध नाही.

सर्वांत जुना हॉकी कार्डसंच ‘सी ५६’ या नावाने ओळखला जातो. त्यात ३६ कार्डे असून त्याचा काळ सामान्यतः १९१०–११ चा हंगाम असा धरतात. कॅनडातील इंपीरियल टोबॅको या कंपनीने तो काढला असे मानले जाते. ‘सी ५६’ हे नाव मूळचे नाही. अमेरिकन संग्राहक जेफरसन बर्डिक यांच्या कार्डसूचीतील ते वर्गीकरणचिन्ह आहे. त्या सूचीत कॅनडातील तंबाखूच्या कार्डांना ‘सी’ आणि मिठाई व गमच्या कार्डांना ‘व्ही’ हे अक्षर दिलेले आढळते. त्यामुळे संचाच्या नावावरून काळाचा अंदाज बांधता येत नाही.

‘जुनी स्वाक्षरी’ कोणती, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार कार्ड जुने असले की त्यावरील सहीही जुनी समजावी. दुसऱ्या मतानुसार सही ही खेळाडू खेळत असतानाची, निदान कार्डाच्या काळाजवळची हवी. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. कार्डावरून सहीच्या काळाची फक्त सुरुवातीची बाजू बंद होते: कार्ड छापण्यापूर्वी त्यावर सही होऊ शकत नाही. शेवटची बाजू खेळाडूच्या मृत्यूने बंद होते. या दोहोंमधील अवकाश कधी काही महिन्यांचा, तर कधी साठ वर्षांचा असतो.

मृत्यूच्या मर्यादेचे ठळक उदाहरण खेळाडू बिल बारिल्को यांचे आहे. त्यांनी २१ एप्रिल १९५१ रोजी जादा वेळेत केलेल्या गोलामुळे टोराँटो मेपल लीफ्स या संघाला स्टॅनली करंडक (बर्फावरील हॉकीचे अजिंक्यपद) मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते बसलेले छोटे विमान उत्तर ऑंटारिओत बेपत्ता झाले. अवशेष १९६२ मध्ये सापडले. पार्कहर्स्ट या कार्डे काढणाऱ्या कंपनीच्या १९५१–५२ च्या हंगामातील १०५ कार्डांच्या संचात या गोलाचेही कार्ड आहे. ते बाजारात आले तेव्हा बारिल्को हयात नव्हते, म्हणून त्यावर त्यांची सही दिसली तर अक्षर पाहण्याचीही गरज उरत नाही.

लेखनसाधन हा कालनिश्चितीचा दुसरा आधार. न्यूयॉर्कमध्ये बॉलपेनची विक्री २९ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झाली. ते सर्रास वापरात येण्यास आणखी काही वर्षे लागली असावीत. तोपर्यंत शाईचे पेन वा पेन्सिल हीच साधने होती. जॉर्ज व्हेझिना (मृत्यू १९२६) किंवा हॉवी मोरेंझ (मृत्यू १९३७) या खेळाडूंची बॉलपेनची सही म्हणूनच त्याज्य ठरते. किंग क्लॅन्सी यांचे तसे नाही. ते १९८६ पर्यंत हयात होते, तेव्हा १९३३ च्या कार्डावर त्यांची बॉलपेनची सही खरी असू शकते. ती त्या काळची मात्र नव्हे. ‘शार्पी’ हे मार्कर १९६४ मध्ये आले आणि टिम हॉर्टन १९७४ मध्ये अपघातात गेले. त्यांची शार्पीची सही या दहा वर्षांतच बसवावी लागते.

नवख्यांची सर्वाधिक फसगत छापील सहीमुळे होते. पार्कहर्स्टच्या १९५२–५३ च्या संचात कार्डाच्या दर्शनी बाजूवर खेळाडूच्या सहीची प्रतिकृतीच छापलेली आहे. साध्या भिंगाखाली, प्रकाश तिरका पाडून पाहिल्यास भेद कळतो. छापील सही चित्राच्या छपाईशी एकजीव असते. हाताने केलेली सही छपाईच्या वर बसते, बॉलपेनची असल्यास पुठ्ठ्यावर चर उमटतो आणि शाईच्या पेनाची असल्यास चकाकी नसलेल्या पुठ्ठ्यात कडा किंचित फुटतात. घडीचा पुरावाही महत्त्वाचा आहे. आधी घडी पडून नंतर सही झाली असेल, तर शाई तुटलेल्या तंतूंत पसरते. सहीनंतर घडी पडली असेल, तर रेषाच खंडित होते. जुनी मळकी घडी असलेल्या कार्डावर शाई घडीत मुरलेली दिसली, तर सही बरीच नंतरची असण्याचा संभव असतो. अतिनील दिव्याचा उपयोग मर्यादित आहे: कागदाला शुभ्रता आणणारी द्रव्ये साधारणपणे दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली, त्यामुळे चमकणारे ‘युद्धापूर्वीचे’ कार्ड नकली ठरते, पण सहीविषयी त्यातून काही कळत नाही.

अक्षराच्या परीक्षणात गती मुख्य मानतात. सवयीच्या सहीत रेषेची सुरुवात व शेवट निमुळते होतात; पाहून काढलेल्या सहीत टोके बोथट, दाब एकसारखा आणि वळणांवर कंप दिसतो. वार्धक्यातील खऱ्या सहीतही कंप असतो, हे विसरून चालत नाही. तुलनेसाठी नमुने निवडतानाही सावध राहावे लागते. टर्क ब्रोडा यांचे खरे नाव वॉल्टर, टो ब्लेक यांचे हेक्टर. कायदेशीर कागदावरील सही आणि चाहत्याला दिलेली सही यांत नावच निराळे असू शकते. शिवाय संघाचे कर्मचारी खेळाडूंच्या वतीने सह्या करीत. त्या त्याच काळातील, त्याच शाईतल्या असल्यामुळे बनावट सह्यांपेक्षाही ओळखण्यास कठीण जातात.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत क्रीडास्मृतिचिन्हांवरील बनावट सह्यांचे मोठे जाळे उघडकीस आणले. त्यानंतर व्यावसायिक प्रमाणनाला जोर आला. पीएसए/डीएनए, जेएसए व बेकेट या त्यातील प्रमुख संस्था होत. प्रमाणपत्र हे तज्ज्ञांचे मत असते, पुरावा नव्हे. सही म्हणजे कार्ड खराब करणे, असे पूर्वी अनेक संग्राहक मानीत; आता कार्ड व सही यांना वेगवेगळी श्रेणी देण्याची पद्धत रूढ आहे.