निसर्गचित्रं, दवाखान्यातली

दवाखाना, बँक, कोर्ट, एसटी स्टँड असल्या चार लोकांच्या जागी भिंतीवर लावलेली झाडापाण्याची, डोंगराची, पाखरांची चित्रं, फोटो नाहीतर उठावशिल्पं. इथं भर दवाखान्यावर दिलाय कारण अभ्यास झालाय तो मुख्यतः तिथलाच, बाकीकडं शोभा म्हणून लावतात आणि विषय संपतो. कोल्हापुरात हल्ली बहुतेक काम फ्लेक्स, व्हिनाईल नाहीतर सनबोर्डवरच्या प्रिंटचं असतं, पेंटरनं हातानं रंगवलेली भिंत क्वचित दिसते.

ही पद्धत सुरू कुठं झाली यावर एकमत नाही. काहीजण थेट लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलपर्यंत मागं जातात, तिथं विल्यम होगार्थनं १७३० च्या दशकात जिन्यावर भलीमोठी चित्रं काढली, पण त्यांचे विषय बायबलातले, त्यामुळं त्यांना या नोंदीतला पूर्वज म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा दावा जास्त वजनदार. रंगाचा, आकाराचा परिणाम आजारी माणसाच्या मनावरच नाही तर शरीरावर पण होतो असं त्यांनी १८५९-६० च्या सुमारास लिहून ठेवलंय, खिडकी आणि फुलांबद्दल पण त्या बोलतात. पुढं १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांना चित्रं उसनी द्यायची संस्था निघाली, पण तिथंही फक्त निसर्गच हवा अशी काय अट नव्हती.

निसर्गच का, याचं उत्तर देताना सगळे अमेरिकन संशोधक रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या शोधनिबंधाचा हवाला देतात आणि इथंच घोळ होतो. तो अभ्यास चित्राचा नव्हताच, खिडकीचा होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ जणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, २३ जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. म्हणजे फरक पाऊण दिवसाचा. शिवाय नोंदी घेतल्या त्या मे ते ऑक्टोबरमधल्याच, कारण पुढं तिकडं झाडांची पानं गळतात (आपल्याकडं ही अडचण नाही, आपल्याकडं अडचण अशी की खिडकीसमोर शेजारच्या अपार्टमेंटचं पार्किंग असतं). ४६ हा आकडा लहान आहे, त्यामुळं ‘चित्र लावा, पेशंट लवकर बरा होतो’ असं जे छातीठोक सांगितलं जातं ते या निबंधातून निघत नाही.

चित्राचा खरा अभ्यास १९९३ चा, उलरिक आणि सहकाऱ्यांचाच, स्वीडनमध्ये उप्साला इथला. हृदयाचं ऑपरेशन झालेले १६० पेशंट, काहींपुढं झाडं आणि पाणी असलेलं मोकळं दृश्य, काहींपुढं गर्द सावलीचं जंगल, काहींपुढं अमूर्त चित्र, काहींपुढं कोरा पांढरा बोर्ड नाहीतर काहीच नाही. मोकळ्या पाण्याच्या दृश्यानं घालमेल कमी झाली. जंगलानं तसं झालं नाही, आणि सरळ रेषांच्या, चौकोनी आकारांच्या अमूर्त चित्रानं तर चित्र नसलेल्यांपेक्षा जास्त त्रास झाला. निसर्ग म्हणून काही पण चालतं असं नाही. उघडं पाणी, लांबवर नजर जाणारं दृश्य हेच का आवडतं यावर भूगोलतज्ज्ञ जय अ‍ॅपलटन यांनी १९७५ मध्येच एक सिद्धांत मांडला होता, की जिथून लांबचं दिसतं आणि लपायला आडोसा पण असतो अशी जागा माणसाला सुरक्षित वाटते. माणसाला सजीवांची, निसर्गाची जी ओढ असते तिच्यासाठीचा ‘बायोफिलिया’ हा शब्द मात्र लोक जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांच्या नावावर टाकतात, मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांनी तो आधीच वापरलेला आहे.

आता उघडं पाणी आणि लांबची नजर म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला रंकाळा तलाव सोडून दुसरं काय आठवणार! इथले चित्रकार आबालाल रहिमान यांनी संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर असलं सगळं जलरंगात रंगवून ठेवलंय. त्यांचं जन्मसाल कुठं १८५६ तर कुठं १८६० दिलेलं असतं, मृत्यू १९३१ चा. मुंबईत जे. जे. मध्ये शिकून ते परत कोल्हापुरात आले आणि शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. रंगाचे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवायची त्यांची रीत बघून काहीजण फ्रेंच दृकप्रत्ययवादाशी (इम्प्रेशनिझम) नातं लावतात, पण रोज पहाटे त्याच तळ्यावर बसणाऱ्या माणसाला ते स्वतःचं स्वतःला सापडलं असणं जास्त पटतं. महाराज १९२२ ला गेल्यावर दुःखानं त्यांनी हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे, ती दंतकथेच्या बाजूला ठेवलेली बरी. जी उरली त्यातली काही टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत, आणि त्याच्या समोर रस्त्यापलीकडं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं मूळचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. दोन्ही इमारतींचा आराखडा इंग्रज वास्तुरचनाकार चार्ल्स मँट यांच्या नावावर सांगतात. सिनेनट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची (रंगाची पूड घासून केलेली) कामं राजारामपुरीतल्या संग्रहालयात बघायला मिळतात.

प्रत्यक्षात भिंतीवर काय असतं? शहरातल्याच एका खाजगी दवाखान्यात मी केसपेपर घेऊन दोन तास बसलो होतो, समोर आठ फुटी प्रिंट, निळं तळं, मागं बर्फाचे डोंगर, काठाला सूचिपर्णी झाडं, खालच्या कोपऱ्याला ओल येऊन व्हिनाईल सुटलेलं आणि त्याच्यामागं जुना पोपटी रंग. शेजारच्या आज्जी बराच वेळ बघून म्हणाल्या, “बाळा, ह्यो काय आपला रंकाळा न्हवं. म्हशी कुठं हायत?”

लहान मुलांच्या वॉर्डात वारली नक्षी काढायची फॅशन आहे. ती कला पालघर-डहाणूकडची, तांदळाच्या पिठानं मातीच्या भिंतीवर काढलेली. ती पाच हजार वर्षं जुनी असं काहीजण म्हणतात, काहीजण बरीच अलीकडं आणतात, एवढ्या मागं न्यायला हातात ठोस पुरावा नाही.

लावण्याबद्दल थोडं. आयसीयूत कापडी किंवा उघडा कॅनव्हास नको, जंतुनाशकानं पुसता येईल असा पृष्ठभाग लागतो. काच लावली तर ट्यूबलाईट चमकून चित्र दिसतच नाही, त्यापेक्षा मॅट अ‍ॅक्रेलिक बरं. जून ते सप्टेंबर भिंत ओली असते म्हणून फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटी ठेवतात. आणि चित्र पेशंटच्या डोक्यामागं लावलं तर ते फक्त बघायला आलेल्या पाहुण्यांना दिसतं, पेशंट बघत असतो छताकडं आणि पंख्याकडं.